लोडाला घातलेली बाही

माय, आज तुझ्यावर चिडूनच लिहायला बसले आहे. खरं तर चीड मुलीची आलीय, तुझ्या जावयाची आलीय, त्या मशीनची तर रोजच येते. पण मुलगी आणि जावई उलट बोलतात आणि मशीनला कान नाहीत, म्हणून तू.

तुला माहीत नसलेलं आधी सांगते. माझ्या उजव्या छातीत गाठ निघाली. नागपूरला ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठीही काढल्या. त्यातून वाचले. पण काखेतून हातातलं पाणी वर जायची वाटच बंद झाली, म्हणे, आणि हात सुजायला लागला. ब्लाउजची बाही दंडावर अडकते. दुसऱ्यांच्या बाह्या शिवून पोट भरणाऱ्या बाईची स्वतःची बाही तिच्या हातात जात नाही. इथल्या, किरनापुरातल्या बायका माप द्यायला येतात आणि माझ्या हाताकडे बघत बसतात. एकीने तर विचारलंच, "हाथीपाँव हाताले बी होते का वो?" मी टेप तिच्या गळ्यात तशीच सोडून आत निघून गेले.

मग मुलीने नागपूरहून मशीन आणलं. जाड कापडाची लांब बाही असते, बोटांपासून खांद्यापर्यंत, आत हवेचे कप्पे. कमरेला छोटी डबी लावायची. बटन दाबलं की आधी बोटांकडचा कप्पा फुगतो, मग मनगटाचा, मग दंडाचा, असं पाणी वर ढकलत नेतं. "मम्मी, याच्यात चालता-फिरता येते, घरकाम होते," मुलगी म्हणाली. कोणतं घरकाम होतं, ते तिने एकदा करून दाखवावं. चेन लावायला दोन हात लागतात आणि एक हात तर आत असतो. भाकरी थापता येत नाही, सुईत दोरा जात नाही. तुझा जावई रोज शेजारी खुर्ची ओढून विचारतो, "किती आला?" अहो, ही बीपीची मशीन नाही, हिच्यात आकडा येत नाही, असं मी शंभरदा सांगितलंय. तो मान हलवतो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा, "आज किती आला?"

सगळ्यात वाईट म्हणजे ते मशीन मुलीच्या फोनला जोडलेलं आहे. मी ते लावलं की नाही, हे तिला नागपुरात बसून दिसतं. तिकडे ती डबा खात असते आणि इकडे माझा फोन वाजतो, "मम्मी, आज मशीन काहून नाही लावली?" या वयात माझी हजेरी घेतात, माय.

त्यात लग्नसराई आली. कापडांचा ढीग पडला. मग मी एक केलं. ती बाही घरातल्या लोडाला घातली, चेन ओढली आणि बटन दाबलं. लोड पलंगावर पडून श्वास घेत राहिला आणि मी ब्लाउज शिवत राहिले. मुलीचा फोन आला, "हौ, आता कशी नियमित करून राह्यली तू." मी म्हटलं, "हौ."

हे करताना तू आठवत होतीस आणि मला हसू येत होतं. तू स्वयंपाकाला होतीस ते बालाघाटच्या मुलींच्या हॉस्टेलचं स्वयंपाकघर. तू मोठ्या चुलीपुढे उभी, लुगडं टाचेखाली लोळतंय, म्हणजे सुजलेला डावा पाय कोणाला दिसू नये. त्या पायात चप्पल जात नसे म्हणून तिचा अंगठा कापून तू चिंधीने बांधलेली. आरोग्यवाल्या बाई हाथीपाँवची, म्हणजे हत्तीरोगाची, गोळी घेऊन यायच्या, समोर गिळायला लावायच्या. तू पाणी पिऊन त्यांच्याकडे बघून हसायचीस, आणि त्या वळल्या की मागच्या नालीत गोळी थुंकायचीस. त्या बाईंनीच मला सांगितलं होतं, की गोळीने पाय उतरणार नाही, पण तो रोज साबणाने धुवा, बोटांमधली जागा कोरडी ठेवा, ताप आला तर दवाखान्यात या. मी घमेल्यात कोमट पाणी आणि साबण घेऊन तुझ्यापुढे बसले. तू पाय ओढून घेतलास. "लेकीनं मायच्या पायाले हात लावाचा नसते. मले पाप लागते." आणि घमेलं उचलून अंगणात रिकामं केलंस. पाप कसलं, माय. तुला तो पाय मला दाखवायचा नव्हता, एवढंच.

तर, लग्नाच्या कपड्यांतच एकदा सुई बोटात गेली. उजव्याच हाताच्या. दवाखान्यात सांगितलं होतं, या हाताला ओरखडासुद्धा नको. मी बोट चोखलं आणि शिवत राहिले. दुसऱ्या दिवशी हात कोपरापर्यंत लाल, तव्यासारखा तापलेला, आणि हुडहुडी भरली. अंगावर दोन गोधड्या. तशातही उठून मी लोडाला बाही घातली, का, तर मुलीचा फोन नको. तुझ्या जावयाने मात्र तिला फोन केलाच. ती म्हणाली, "पण बाबा, मशीन तर सुरू दिसून राह्यली." तो म्हणाला, "हौ, लोडाले लावली हाय."

दुपारी ती दारात उभी. मला वाटलं आता तोंड सुटेल. ती पलंगाकडे बघत राहिली, एका बाजूला मी कुडकुडतेय, दुसऱ्या बाजूला लोड फुगतोय. तिने आधी मशीन बंद केलं. मग माझा हात हळूच उचलून पाहिला. मी झटकन ओढून घेतला, "राहू दे, माझं मी पाहीन." ती म्हणाली, "मम्मी, आजी कशी गेली होती?"

"तापानं."

"कशाचा ताप?"

तू गेलीस तेव्हा ही रांगत होती. हिला मी आजपर्यंत तापाच्या पुढे काही सांगितलं नव्हतं. बालाघाटच्या दवाखान्यात जाताना गाडीत, तिच्या खांद्यावर डोकं ठेवून सगळं सांगितलं. तो पाय, थंडी वाजून यायचा तो ताप, दर वेळी "उद्या उतरते" म्हणून तुझं पडून राहणं, आणि शेवटच्या वेळी आम्ही तुला रिक्षात घातलं तेव्हा तू मला ओळखतही नव्हतीस. तुझ्या पायाला चीर पडली होती, माय. बोटांच्या बेचक्यात. साबण, पाणी आणि वेळेवर इंजेक्शन, एवढ्यावर तू माझ्या मुलीचं लग्न बघितलं असतंस. माझा सगळा राग इथे येऊन थांबतो. इथून पुढे त्याला जागाच नाही.

 मुलगी म्हणाली, "तू बी तशीच जाणार होती का?" 

डॉक्टरीणबाईंनी भरती करून घेतलं, बाटल्या लावल्या. लाली जाईपर्यंत मशीन लावायचं नाही, म्हणाल्या, नंतर मात्र चुकवायचं नाही. घरी आल्यावर मुलगी थोडे दिवस राहिली. सकाळी पाट घेऊन बसायची, माझा हात धुवायची, एकेक बोट वेगळं करून टिपायची. मी दर वेळी कुरकुर केली. हात मात्र ओढून घेतला नाही.

आता मशीन माझ्याच हातात असतं. आत्ताही आहे, म्हणून हे डाव्या हाताने लिहितेय आणि अक्षर असं आलंय. तुझा जावई मघाशी विचारून गेला, किती आला. हे कुठे पाठवायचं नाही, घडी करून कापडाच्या तुकड्यांत टाकून देईन.

एक गोष्ट आहे. मशीनने बरं वाटतं. तो दाब बोटांपासून वर चढत जातो तेव्हा हात पुन्हा माझा असल्यासारखा वाटतो, आणि डोळा लागतो. मुलीला मी सांगते, काही फरक नाही, उगाच पैसे घातलेस. तुला खरं सांगितलं, कारण तू काही तिला फोन करणार नाहीस.