पुस्तकात पन्नास, दांडीवर त्र्याहत्तर

मी, कुमारी जयवंता दत्ताजी पोतनीस, वय वर्षे पंचावन्न, धंदा गेल्या महिन्यापर्यंत सरकारी नोकरी (कारखाने तपासणी), सध्या काहीही नाही, राहणार साजगाव, खालापूर महाल, जिल्हा कुलाबा, आज गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, कोणाच्या भरीस न पडता व कोणाला न घाबरता माझ्या मागची व्यवस्था लिहून ठेवते ती अशी.

शरीराने मी ठणठणीत आहे. कालची गुढी मीच शिडीवर चढून उभारली. बुद्धी स्थिर असल्याचे लिहिण्याचीही पद्धत आहे. पण उद्या सकाळी अकरा वाजता कर्जतच्या कचेरीत माझे लग्न आहे आणि आज सकाळपासून मी दोन वेळा चहात साखरेऐवजी मीठ घातले आहे. तेव्हा बुद्धी कितपत स्थिर आहे ते साक्षीदारांनी स्वतः पाहून घ्यावे.

लग्नाच्या आदल्या दिवशी कोण मृत्युपत्र करते, असे शेजारच्या सोनुबाईने मघाशी विचारले. "अगं बाई, आज मेंदी काढायची का मरणाचं लिवायचं?" तिचे म्हणणे बरोबर आहे. पण वीस वर्षे मी दारोदार सांगत फिरले की जे कागदावर नाही ते नाहीच. आता स्वतःची पाळी आली तेव्हा गप्प कशी बसू? शिवाय या घरात चौदा मुले रोज झोपतात. मी उद्या आनंदाने पटकन मेले तर त्यांना कोणी बाहेर काढू नये, एवढीच माझी एक काळजी आहे. बाकी सगळी मजा आहे.

१. साजगावच्या काड्यापेटीच्या कारखान्याच्या फाटकासमोरचे माझे घर: तीन खोल्या, पडवी, मागे आड आणि एक फणस. हे मी १९४६ साली खात्याची परवानगी काढून, स्वतःच्या पगारातून घेतले. फाटकासमोरच घेतले, कारण शेटजींची मोटार बाहेर पडली की त्यांना पहिल्यांदा माझी पाटी दिसावी. पाटीवर बी. ए., एलएल. बी. ही अक्षरे नावापेक्षा मोठी आहेत. रंगाऱ्याने विचारले होते, चूक तर नाही ना? मी म्हटले, मुळीच नाही.

हे घर कारखान्यातल्या बायकांच्या मुलांसाठी पाळणाघर म्हणून राहावे, आणि ते चिंधीने चालवावे. चिंधी वरच्या ठाकूरवाडीची. ती कोण आणि घर तिच्या हाती का, हे कळायला पुढची कलमे वाचावी लागतील.

२. या कलमात मालमत्ता काही नाही, फक्त हकीकत आहे. पोपटराव कुळकर्णी दस्तलेखक याला हरकत घेतील. घेऊ देत.

पन्नासांहून जास्त बायका कामाला असतील तर कारखान्याने मुलांसाठी वेगळी खोली द्यावी, असा कायदा आहे. १९४० साली मी या कारखान्यात पहिल्यांदा आले तेव्हा मुले काड्यांसाठी आणलेल्या सावरीच्या ओंडक्यांना बांधलेल्या झोळ्यांत होती आणि खाली काड्यांच्या टोकाला लावायच्या गुलाची पिंपे होती. हजेरीबाबू मालोजी भिवाजी ठोंबरे यांनी पुस्तक पुढे केले. पुस्तकात बायका पन्नास. मी मोजल्या, पन्नास. तीन वर्षांत नऊ वेळा आले, नऊही वेळा पन्नास. एवढी शिस्त मी आमच्या खात्यातही पाहिली नाही.

कारण असे की खोपोली स्टेशनावर मी उतरले की पदू टांगेवाला मला घेऊन निघे आणि वाटेत रिकाम्या रस्त्यावरसुद्धा घंटा वाजवी. मला वाटे, माणूस हौशी आहे. ती घंटा ऐकून जादा बायका मागच्या दाराने नदीवर जात आणि मी गेले की परत येत. हे मला कळले ते एका दांडीमुळे. शेडच्या मागे एक लांब बांबू आडवा बांधलेला होता आणि त्याला भाकरीची फडकी टांगलेली होती. दहाव्या खेपेला मी बायका मोजल्याच नाहीत, फडकी मोजली. त्र्याहत्तर. बायका पळतात, त्यांच्या भाकरी पळत नाहीत. मी तिथल्या तिथे इतकी हसले की मालोजीबाबूंनी मला पाणी आणून दिले.

३. सबब, फडक्यांच्या मोजणीवरून मी केलेल्या अहवालावर 'भाकरी हा पुरावा नव्हे' असा लाल शेरा मारून तो परत पाठवणारे आमचे तेव्हाचे साहेब यांना माझ्या मागे एक भाकरी द्यावी. शिळी चालेल. फडक्यात बांधून द्यावी आणि पावती घ्यावी.

४. पदू टांगेवाला यास माझी काळी छत्री व पितळी घंटा. घंटा त्याचीच आहे. खटला निकालात निघाल्यावर त्याने ती स्वतःच माझ्या पायाशी आणून ठेवली होती. मी रागावले नव्हते, पण त्याला तसे सांगितलेही नव्हते, हे माझे चुकले.

५. खटला. आता मुद्द्याचे.

१९४३ साली कर्जतच्या कोर्टात कारखान्यावर खटला उभा राहिला. सरकारतर्फे मी. माझ्याकडे पुरावा म्हणजे चिंधी एकटी. बाकीच्या बायका कामाच्या भीतीने आल्या नाहीत, आणि मी त्यांना बोल लावत नाही. चिंधी कडेवरच्या पोरीसकट उभी राहिली आणि म्हणाली, "आमी पुस्तकात नाय सायब, पन आमचे हात तर काड्या भरतात ना!" शेटजींचे वकील म्हणाले, ही बाई कारखान्यात नव्हतीच कधी, पुस्तक पाहा. पुस्तक घेऊन मालोजीबाबू पिंजऱ्यात आले.

मी विचारले, "कारखान्यात बायका किती?"

"पुस्तकात पन्नास हायत."

मी पुस्तक हातात घेतले, आणि आमच्या घरात मी डावखुरी म्हणून बदनाम आहे, तशी सवयीने मागच्या बाजूने उघडले. शेवटच्या चार पानांवर मालोजीबाबूंच्या वळणदार अक्षरात आणखी एक हजेरी होती. कोंडीची पोशी, हजर. चिंधीची कमळी, हजर. जनीचा वाघ्या, ताप, गैरहजर. एकोणीस मुले, आईच्या नावासकट, रोजच्या रोज. त्यातल्या अकरा आया पुढच्या पानांवर नव्हत्याच.

मी ती पाने त्यांच्यापुढे धरली. मी विचारले, "हे काय आहे?"

त्यांनी मान खाली घातली. "पोरं येत व्हती बाई. आली म्हंजी मांडायला नगं का? रोज सकाळी झोळ्या बगून मांडत व्हतो. एखांदं पोर दिसलं नाय तर मला भाकर ग्वाड लागत नव्हती."

"मग बायका किती?"

"पुस्तकाबाहेर तेवीस. समद्या मिळून त्र्याहत्तर."

हजेरी मांडायची इतकी सवय, की खोट्या पुस्तकातही खऱ्या मुलांची मांडली, आणि तेच पुस्तक विसरून कोर्टात घेऊन आले. मला रडू आले. सरकारी वकिलाने रडणे बरे दिसत नाही, म्हणून मी शिंकल्यासारखे केले. शेटजींना दंड झाला, खोली झाली, आणि मालोजीबाबूंची नोकरी त्याच संध्याकाळी गेली. ते हाळला आपल्या शेतावर परतले.

त्या चार पानांची कोर्टाच्या सहीशिक्क्याची नक्कल माझ्या लाकडी पेटीत आहे. दागिने म्हणून माझ्याकडे जे काही आहे ते हेच. ही नक्कल मालोजी भिवाजी ठोंबरे यांना द्यावी.

६. चिंधीला माझी सगळी लुगडी आणि तांब्याचा मोठा हंडा. गेल्या दिवाळीत शेटजींनी खरोखरच तेवीस बायका कमी केल्या, पन्नासावर आणल्या, आणि कायद्याने आलेली खोली कायद्यानेच बंद केली. माझा कायदा, माझ्याच थोबाडीत. कमी झालेल्यांत चिंधी पहिली. दुसऱ्या दिवशी ती माझ्या पडवीत येऊन बसली आणि म्हणाली, "बाई, घर रिकामं हाय तुमचं. झोळ्या बांदू का?" फाटकापासून पडवी चाळीस पावले आहे. आई येते, पाजते, भोंग्याच्या आत परत जाते. वीस वर्षांच्या नोकरीत मी जे केले त्यात हे सर्वांत चांगले, आणि हे नोकरीत केलेले नाही.

७. माझी भावजय मोतीबाई हिने १९२४ साली, मी वकिलीची परीक्षा पास झाले त्या दिवशी, पेढा खात खात म्हटले होते, "आता हिला करणार कोण?" तिला उत्तर द्यायला पंचवीस वर्षे लागली याबद्दल दिलगीर आहे. तिला उद्याच्या लग्नाचे पेढे, शेरभर. घरावर तिचा डोळा आहे हे मला ठाऊक आहे. घर नाही.

उत्तर असे. १९४४ साली मालोजीबाबू कर्जत स्टेशनावर भेटले. मी पुण्याच्या गाडीची वाट पाहत होते. ते बायको वारलेले गृहस्थ, मोठ्या मुलीचे लग्न झालेले. इकडचे तिकडचे काही न बोलता त्यांनी विचारले. मी सांगितले, आमच्या खात्यात लग्न केलेल्या बाईला राजीनामा द्यावा लागतो, आणि माझी अकरा वर्षे उरली आहेत असे घाबरून चुकीचे सांगितले. उरली होती पाच. ते म्हणाले, "थांबतो की. मला हजेरी मांडायची सवय हाय." गाडी आली आणि मी चुकीच्या डब्यात चढले.

हे घर घेतल्यापासून ते दर रविवारी चहाला येतात. शाळेच्या वहीत त्या दिवशीची तारीख घालून पुढे आपल्या हजेरीचा 'ह' लिहितात आणि वही माझ्याच खुंटीला अडकवून जातात. एकशे सदतीस रविवार. तीन गैरहजर, त्यातला एक नदीच्या पुराचा. जाती दोन असल्याने लग्न नोंदणीचे.

येथवर लिहून झाले आणि पोपटराव दस्तलेखक साक्षीला आले. त्यांनी सगळे वाचले, चष्मा पुसला, आणि विचारले, "बाई, नोंदणीचं लग्न म्हणजे तुम्हांला वारसा कायदा लागणार. त्यात लग्न झालं की आधीचं मृत्युपत्र रद्द. हे तुम्हांला माहीत आहेच ना?"

मला माहीत नव्हते. म्हणजे माहीत होते, १९२४ साली परीक्षेत मी त्यावर उत्तरही लिहिले होते. मजुरांचे कायदे तोंडपाठ करता करता बाकीचे सगळे कुठे सांडले कोण जाणे. हा कागद उद्या अकराला, मी सही करताक्षणी, रद्दी होणार. आणि त्यानंतर मी मेले तर घराचा वाटा कायद्याने नवऱ्याकडे. मी हसत सुटले, सोनुबाई हसली, पोपटराव तेवढे हसले नाहीत. मग एकाएकी मला भीती वाटली. झोळ्यांतली चौदा मुले आणि माझ्यामध्ये आता कागद नव्हता, फक्त एक माणूस होता. पोपटराव म्हणाले, लग्न आठ दिवस पुढे ढकला, आधी घराचे बक्षीसपत्र नोंदवून टाका. सल्ला चोख होता. दुसऱ्या कोणत्याही बाईला मी स्वतः तोच दिला असता.

इतक्यात मालोजीबाबू उद्याच्या टांग्याची वेळ सांगायला आले. मी त्यांना पडवीतच उभे केले आणि कोर्टात विचारले होते तशा आवाजात विचारले, "उद्यानंतर मी मेले तर या घरात तुमचा वाटा. काय कराल?"

त्यांनी झोळ्यांकडे पाहिले. एक, दोन करत बोटाने मोजल्या. म्हणाले, "आज तेराच हायत. कोंडीची धाकटी कुटं हाय?"

चिंधी आतून ओरडली, "इकडं हाय बाबू, दूद पितेय!"

"मग चौदा," ते म्हणाले, आणि माझ्याकडे वळले. "हां, काय इचारत व्हता तुमी?"

मी म्हटले, काही नाही.

लग्न पुढे ढकललेले नाही. नवा कागद परवा दिवशी, आम्ही दोघे बसून, सवडीने करू. हा कागद मी तरीही फाडत नाही. आजची रात्र आणि उद्याचे अकरा वाजेपर्यंतचे तास एवढ्यापुरता तो पक्का आहे, आणि मालोजीबाबू उद्या आले नाहीत तर कायमचा पक्का आहे. माझ्या हातचा एखादा दस्त रद्द व्हावा म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदाच घड्याळाकडे बघत बसले आहे. वीस वर्षे मी पुस्तकातले तेवढेच खरे मानले. आज पुस्तकाबाहेरचे एक मानते.

येणेप्रमाणे लिहिलेले मी वाचून पाहिले, साक्षीदारांनाही वाचून दाखवले, आणि त्यांच्यादेखत डाव्या हाताने सही केली.

जयवंता दत्ताजी पोतनीस

साक्षीदार:
पोपट रामचंद्र कुळकर्णी, दस्तलेखक, खोपोली. (सल्ला दिला होता. ऐकलेला नाही.)
सोनुबाई, राहणार साजगाव, हिच्या डाव्या हाताचा अंगठा. अंगठ्याला मेंदी आहे, ती पुसू नये.

मुक्काम साजगाव, तारीख ३१ मार्च १९४९.

ता. क. वरील सह्या झाल्यावर मालोजीबाबूंनी खुंटीवरची वही काढली. आज गुरुवार, रविवार नव्हे, असे मी सांगितले. त्यांनी मान हलवली, उद्याची तारीख घातली, आणि या खेपेला 'ह' दोन लिहिले.