पडद्यामागचं हसू

काशोएरा,
१९ मे १९५१

लाडक्या वन्सं झुल्मीरा,

तुला आणि तुझ्या दुकानातल्या समस्त टोप्यांना नमस्कार. नाताळला तू पाठवलेली टोपी फार सुंदर आहे, पण तिच्यावरची पिसं बघून आमचा कोंबडा अंगावर धावून येतो, म्हणून फक्त चर्चला जाताना घालते. शाळेत एका बाकावर बसलेल्या मैत्रिणीला वन्सं म्हणायची चेष्टा मी लग्नाच्या दिवशी सुरू केली, ती या वयातही सुटत नाही बघ.

इकडे सगळं ठीक. नदीला पाणी बेताचंच आहे. संत जोआंवच्या सणासाठी जेनिपापोच्या फळांचं मद्य घातलंय, यंदा रंग झकास उतरलाय. माझी नात दाल्वा गायला लागली. आवाज माझ्यावर गेलाय आणि आगाऊपणा तुझ्यावर. तुझा भाऊ मजेत आहे. घड्याळदुरुस्तीचं दुकान त्याने बंद केलं. म्हणतो, लोकांना आता वेळेची कदर नाही. परवा साखर समजून कॉफीत मीठ घातलं आणि तशीच पिऊन वर म्हणाला, "आज फर्मास झालीये." त्याचा हेका तुला ठाऊकच आहे.

आता खरी बातमी, आणि ती बसून वाच. आपला सिनेमा सापडला! 'पैलतीरची नवरी', सगळाच्या सगळा! पलीकडे साँ फेलिक्समध्ये चिरुट कारखान्याचं जुनं गोदाम पाडत होते, तिथे तंबाखूच्या गासड्यांखाली डबे निघाले. साल्व्हादोरहून सिनेमावेड्यांच्या मंडळाचे एक चष्मेवाले गृहस्थ आले, त्यांनी फिल्म उजेडाला धरून पाहिली आणि मटकन खालीच बसले. म्हणाले, "या मुलखात गोष्टीचा सिनेमा काढणारा पहिला माणूस म्हणजे तुमचे यजमान." तेव्हापासून तुझा भाऊ तेओ आद्य दिग्दर्शक झालाय. कालपर्यंत जे लोक घड्याळ वेळेवर दिलं नाही म्हणून दारात येऊन भांडायचे, ते आता टोपी काढून उभे राहतात. नगराध्यक्ष त्याचं नाव गल्लीला देणार आहेत. कुठल्या, तर खाटकांच्या. तुझा भाऊ म्हणाला, "चालेल, तिथे गर्दी तरी असते."

संत जोआंवच्या आदल्या संध्याकाळी जुन्या नाट्यगृहात खेळ आहे. आणि मी हट्ट धरलाय की खेळ करायचा तर पूर्वीसारखा, पडद्यामागून गाऊन! आठवतं ना? पडदा पाण्याने भिजवायचा, म्हणजे मागच्या बाजूने उलटं चित्र दिसायचं. तुझे ओठ हलायचे आणि मी त्यांच्यावर गाणं बसवायचे. तू कॅमेऱ्यापुढे एक कडवं विसरलीस, म्हणून दर खेळाला मलाही ते विसरावं लागायचं. लोकांना वाटायचं नवरी काय गाते! दिसायचीस तू आणि ऐकू यायचे मी. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही, खरंच. माझ्या आवाजाला तुझ्याइतका देखणा चेहरा मिळाला, आणखी काय हवं होतं?

गाण्यांचं मी आणि दाल्वा मिळून निभावून नेऊ. वरचे सूर ती घेईल. अडलंय ते तुझ्या हसण्यापाशी.

शेवटचं गाणं, नवरी नावेत बसून रडत निघालीय, आणि मध्येच तू खो खो हसत सुटलीस. पुन्हा काढायला फिल्म शिल्लक नव्हती. तेओने केस उपटायचे तेवढे बाकी ठेवले. त्याच दिवशी औषधवाल्याकडून उसना आणलेला कोटही खडकाला अडकून फाटला. पण लोक त्या हसण्यासाठीच परत परत यायचे. आसवांतून हसणारी नवरी! माझ्याच्याने ते हसू कधी निघालं नाही. म्हणून तेवढ्यापुरती तू धावत पडद्यामागे यायचीस आणि हसून जायचीस. त्या सिनेमात तुझा स्वतःचा आवाज तेवढाच.

आता आम्ही सगळं करून पाहिलं. दाल्वा खिदळते. पावाच्या दुकानातली बाई हसते ती उचकी लागल्यागत. मी हसून दाखवलं तर दाल्वा पाणी आणायला धावली.

तू म्हणशील, एवढा आटापिटा कशाला? मुका सिनेमा मुकाच दाखवा. चष्मेवालेही तेच म्हणाले. तर आता लिहूनच टाकते, तेओने तुला कळवू नकोस म्हणून शपथ घातलीये तरी. तुझ्या भावाला दिसत नाही, झुल्मीरा. उजेड आहे की अंधार, एवढंच कळतं. खेळाला यायला तयार नाही. म्हणतो, "लोकांनी माझ्याकडे बघायचं, आणि मी कुणाकडे?" पण तो सिनेमा त्याला पाठ आहे. कानावर आवाज पडला तर त्याला अख्खा दिसेल, हे मला पक्कं माहीत आहे.

बंदरावरच्या त्या दिवसाबद्दल मी आजवर चकार शब्द काढला नाही. रिओच्या नाटक कंपनीच्या मालकाने गायिका म्हणून तुला करारावर घेतलं, तू पेटी घेऊन उभी, आणि तेओ सगळ्या गावासमोर ओरडला, "गाते माझी बायको! ही नुसतं तोंड हलवते!" बोलला ते खरं होतं, पण बोलायची ती रीत नव्हती. तू करार फाडलास आणि तरीही बोटीत चढलीस. मला तेव्हाही तुझं कौतुक वाटलं होतं.

त्याचा राग त्या कराराचा नव्हताच. त्याच्या मनात सल होता तो हसण्याचा. "माझ्या सगळ्यात दुःखी गाण्याला माझी सख्खी बहीण हसली," असं तो अजून म्हणतो. नंतर इतके सिनेमे काढले, एकातही कुणाला हसू दिलं नाही. पण गेल्या आठवड्यात दाढी करून देत होते, तेव्हा स्वतःहून विचारलं, "तो हसण्याचा तुकडा शाबूत आहे का गं?" मी म्हटलं, आहे. मग म्हणाला, "मुकाच असणार तो."

झुल्मीरा, ये. गाऊ नकोस, बोलायचं नसेल तर बोलूही नकोस. फक्त हसायला ये.

पत्रातून तुझा लोभ येतोच, या वेळी त्या लोभाबरोबर तूही ये.

तुझा आवाज,
एउलालिया


रिओ,
२ जून १९५१

प्रिय वहिनी,

तिकीट काढलं! शेजारीण विचारते, "कुठे निघालीस?" म्हटलं, "हसायला." ती म्हणते, "का, इथे काय बंदी आहे?"

तुझं पत्र वाचून एवढी रडले की एका गिऱ्हाइकाची रेशमी फीत भिजली. मग स्वयंपाकघरात हसायचा सराव करायला गेले, तर हसू येईना. घाबरलेच. मग त्या दिवशी नावेतून काय दिसलं होतं ते आठवलं आणि अशी सुटले की दूध उतू गेलं.

मी गाण्याला हसले नव्हते गं. तेओ औषधवाल्याचा लांब कोट घालून, एक डोळा मिटून कॅमेऱ्याला चिकटला होता आणि जीभ बाहेर काढून मूठ फिरवत होता. मागून तुझ्या आईची शेळी त्या कोटाची शेपटी खात होती. कमरेपर्यंत पोचली होती! तिने हिसका दिला तर हा मागे न बघता काय म्हणाला माहीत आहे? "एउलालिया, ओढू नकोस, फिल्म फिरतेय!" तू तर तेव्हा पार पलीकडे, झाडाखाली कणसं भाजत होतीस.

पण नुसत्या शेळीला मी एवढी हसले नसते. त्याचा चेहरा तू पाहायला हवा होतास. कोट गेला काय, जग बुडालं काय, त्याला पत्ता नव्हता. माझा दादा इतका सुखात होता, आणि ते बघून मला हसू आवरेना. तसं सुख पुढे मी कुणाच्याच तोंडावर पाहिलं नाही, माझ्या बिचाऱ्या नवऱ्याच्याही नाही.

तेव्हा बोलले असते तर औषधवाल्याने तुझ्या आईच्या दारात तमाशा केला असता, म्हणून गप्प बसले. पुढे कधीतरी निवांत सांगू म्हटलं. मग बंदरावर ते झालं, आणि बोटीत बसताना ठरवलं की आता त्याला मरेपर्यंत सांगायचं नाही. फार हट्टी आहोत गं आम्ही भावंडं.

त्याला कशाचाच पत्ता लागू देऊ नकोस. हाताला धरून आण आणि पहिल्या रांगेत बसव, शेजारची खुर्ची मोकळी ठेव. मी मागे हसेन आणि लगेच पुढे येऊन तिथे बसेन. नावेतून मला दिसलेलं, त्याच्या सिनेमातलं एवढं एकच दृश्य त्याने अजून पाहिलेलं नाही. ते मी त्याला कानात सांगणार आहे.

तुझा चेहरा, आता जरा सुरकुतलेला,
झुल्मीरा