ट्रकवरून उतरलेला राष्ट्रपिता

आप्पा, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. एका खोलीत राहत होतो तेव्हा पत्राची गरज पडली नाही, आणि आता लिहायला बसलो तर ट्रकवर उभे असलेले तुम्हीच दिसताय. पांडेसऱ्यात, कापड गिरण्यांच्या त्या वस्तीत, दर पंधरा ऑगस्टला आपल्या मंडळाची मिरवणूक निघायची आणि तिच्यात राष्ट्रपिता व्हायचात तुम्ही. टक्कल, किडकिडीत अंग, बाहेर आलेले कान; मेकअपचा खर्चच नव्हता. घोळ असायचा तो हातांचा. डाइंग मिलमधला कापडाचा रंग मनगटापर्यंत मुरलेला, लिंबू घासून घासून तुम्ही बेजार. आई तेवढ्यात टोमणा मारून घ्यायची, "भाजीमा मीठ कमी पडनं की ताट लोटतस, आनि ट्रकवर चढनात की अहिंसा!" तुम्हीही हसायचात.

पण त्या माणसाचं वेड तुम्हाला खरंच होतं. पाळी संपवून आलात की त्याच्याबद्दल मिळेल ते वाचायचात. दांडीचं मीठ तर शाळेतही शिकवत होते. तुम्ही सांगायचात ते वेगळंच. लहानपणी त्यानं घरातलं सोनं चोरलं आणि वडिलांना स्वतः लिहून दिलं. वडिलांच्या शेवटच्या घटकेला तो जवळ नव्हता, हेही त्यानं पुढे छापून टाकलं. कुणी विचारलं नव्हतं. "आपली लाज आपणच चव्हाट्यावर मांडायची, केवढं काळीज पाहिजे!" असं म्हणून तुम्ही तेच पान परत वाचायचात. मला मात्र त्यात एवढं काय मोठं, ते कळायचं नाही.

ब्याण्णवच्या डिसेंबरात दंगल झाली तेव्हा आई आणि मी धुळ्याकडे गावी होतो. परतलो तर खालच्या खोलीतले टेलरचाचा बिऱ्हाड सोडून गेलेले. मी विचारलं, तुम्ही "गेले" एवढंच म्हणालात. त्यानंतर ताट सरकवणंही बंद झालं. पुढ्यात येईल ते मुकाट्यानं खायचात.

मग ऑगस्ट येतो. ट्रक फुलांनी सजलाय, तुम्ही पंचा नेसून वर उभे आहात, हातात काठी. अध्यक्ष माइक तपासत असतात आणि तुम्ही तो त्यांच्या हातातून काढून घेता. देखाव्यातला माणूस बोलत नसतो, म्हणून सगळे आधी हसतात.

"दंगलमा टेलरनी मन्हं दार वाजाडं," तुम्ही म्हणता. "मन्हं नाव लिसन वाजाडं. मी घरमा व्हतू. मी उघाडं नही. हाई सोंग आते माले शोभत नही."

अध्यक्ष दबक्या आवाजात विनवतात, "काका, आज हे कशाला?" त्या गर्दीत डिसेंबरात हातात दगड घेतलेलेही उभे होते. तुम्ही कुणाकडेच पाहिलं नाही. काठी खाली ठेवलीत आणि ट्रकवरून उतरलात. आप्पा, त्या दारामागे तुम्ही होतात हे कुणालाही ठाऊक नव्हतं. मरेपर्यंत कळलं नसतं. ट्रकवर इतकी वर्षं तुम्ही हुबेहूब दिसायचात, पण त्या माणसाच्या जवळ पोचलात ते त्या दिवशी.

पुढच्या सुटीत मला घेऊन तुम्ही तापीपलीकडे रांदेरला गेलात. विचारत विचारत चाचांचं घर सापडलं. त्यांच्या भुवईवर टाक्यांचा व्रण होता. तुम्ही हात जोडलेत. चाचा म्हणाले, "काका, मैं अंदर होता और आप बाहर, तो शायद मैं भी नहीं खोलता." चहा आला. तुम्ही कप दोन्ही हातांनी उचललात.

हे पत्र कुठे टाकायचं, आप्पा? घडी करून ठेवतो. तुमच्याबद्दल मी पोरांना अभिमानानं सांगतो, पण एक गोष्ट त्यांना सांगत नाही. उद्या कुणी माझं नाव घेऊन दार वाजवलं तर मी उठेन का, हे मला अजून माहीत नाही.