वल्लरीचा डावा हात

खांदा कॉलनी, नवीन पनवेल
१ जून २००८

सौ. गुणाबाई विहीणबाई यांस,
स. न. वि. वि.

आज रविवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी आपल्या नातीने माझ्यासमोर डाव्या हातात पेन्सिल धरली. वल्लरी पहिलीत चालली आहे. मी वह्यांना खाकी कव्हरं घालत होते. लेबलावर नाव तिने स्वतः घालावं म्हणून पेन्सिल पुढे केली. माझ्याकडे न बघता डाव्या हाताने नाव लिहून ती मोकळी झाली. विचारलं तर म्हणाली, उरणच्या आजीकडे चालतं.

तुमची मोनाली आणि माझा प्रितेश दिवसभर ऑफिसात, म्हणून मुलीचा अभ्यास माझ्याकडे. गेलं अख्खं वर्ष अभ्यासाला बसताना मी तिच्या डाव्या मनगटाला रुमाल बांधला आणि उजव्या हाताला वळण लावलं. तुम्ही ते एका मे महिन्यात पुसून टाकलंत. सुट्टीत मासळी खाऊ घाला, खाडीत डुंबू द्या, मी कधी हरकत घेतली? आज पुन्हा रुमाल बांधला. तेव्हापासून ती गप्प आहे. बोलायला गेली की पहिल्याच अक्षरावर अडकते. हे अडकणं वर्षभराचं आहे. सोळाला शाळा उघडते, नव्या बाई ते चालवून घेणार नाहीत.

फोन करू नका. फोनवर मी रागावते आणि तुम्ही नुसतं हं हं करता.

लोभ आहे, पण तो वाढावा असं आज म्हणवत नाही.
वसुंधरा


उरण
५ जून २००८

विहीणबाईंना गुणाबाईचा नमस्कार.
(आई बोलते तसंच उतरवून घेते आहे. कोमल)

तुमचं पत्र कोमलनं दोनदा वाचून दाखवलं. पोर आली तेवा माझ्याशी पण अडकत होती. आजी म्हणायला तिला तीनदा तोंड उघडायला लागायचं. मला वाटलं, दात हलतोय. मी अंगणात जाळं शिवत बसायची. एक दिवस तिनं जाळ्याची सुई उचलली, डाव्या हातात. मी कशाला काय बोलू? आमचे हे जन्मभर सुकाणू डाव्या हातानं धरतात, होडी अजून बुडाली नाय. चार दिवसांनी शेजारच्या गोदूला पोरीनं एका दमात सांगितलं, तुमच्या कोळंबीला वास मारतोय. गोदू अजून माझ्याशी बोलत नाय.

मी शिकलेली नाय. पण एक विचारते, रागवू नका. मोनालीच्या लग्नात तुमच्या हातचं श्रीखंडाचं पातेलं निसटलं, ते तुमी झेललंत. डाव्या हातानं. कोणाला दिसलं नाय, मला दिसलं. तुमचा हात कोणी बांधला होता?

माया हाय तशीच ठेवा.
गुणाबाई


खांदा कॉलनी, नवीन पनवेल
१० जून २००८

सौ. गुणाबाई विहीणबाई यांस,
स. न. वि. वि.

अक्षर वाकडंतिकडं आहे, सांभाळून घ्या.

कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरांनी बांधला. साल १९५२, निळी रिबीन, बाकाचा दांडा. घरी सांगितलं नाही, कारण सांगता येत नव्हतं. माझीही जीभ तेव्हा अडकायची. पुढे ती अशी सुटली, की ऑफिसात छत्तीस वर्षं लोक मला वळसा घालून जात. उजव्या हाताला वळण लागलं म्हणून सिस्टरांनी मला येशूचं चित्र दिलं होतं. वल्लरीसाठी मीही कंपासपेटी आणून ठेवली होती, बक्षीस म्हणून. तुमचं पत्र वाचल्यावर ती कपाटातून काढून बघत बसले.

त्या दिवसापासून रुमाल बांधलेला नाही. हरवला का, असं तिने विचारलं. मी हो म्हटलं.

काल शाळेत जाऊन मुख्याध्यापिकेला सांगितलं, की ही डाव्या हाताने लिहिणार आणि बाकाच्या डाव्या टोकाला बसणार, तसं कागदावर द्या. त्या म्हणाल्या, एवढ्याशा गोष्टीला कागद कशाला. मी कागद घेऊनच उठले. घरी वल्लरीने उरलेली अकरा लेबलं लिहिली आणि एका वहीचं कव्हर मी उलटं घातलं म्हणून मला बोलली. अजून अडकतेच, पण माझी चूक काढताना अडकली नाही.

सोळाला सकाळी सात वाजता तुम्ही शाळेच्या फाटकापाशी हव्यात. नव्या बाईंना नाव सांगताना ती अडकली, तर शेजारी तुम्ही असाव्यात. मला ती घाबरते. येताना जाळ्याची सुई आणा, रोज विचारते.

लोभाचं म्हणाल, तर हे पत्र मी डाव्या हाताने लिहिलं आहे. छप्पन्न वर्षांत दुसऱ्या कोणाला लिहिलेलं नाही. येणार की नाही, ते शनिवारी चौदा तारखेला संध्याकाळी पाचच्या आत लेखी कळवा. अक्षर कोमलचं चालेल. सही तुमची हवी.

वसुंधरा