सोवळ्यातला घाम

धरमपेठ, नागपूर
नागपंचमी, १९८६

प्रिय वच्छलाबाई,

धाकट्या जावेचा नमस्कार. तुमचं सावनेरहून टाकलेलं पत्र मिळालं. छातीतल्या गाठीच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी तुम्हालाही माझीच गोळी सुरू केली आणि आता अंगातून वाफा निघतात, काय करू, असं विचारलंत. बरं केलंत. आपल्या घरात या गोळीचं माझ्याइतकं कोणाला ठाऊक आहे?

गोळी जेवणानंतरच घ्या, म्हणजे पोटात ढवळत नाही. तिखट, चहा कमी करा. कानशिलं तापली की ओला पंचा मानेवर ठेवा. मी तेच करते, रात्रभर पंखा लावला तर विजेचं बिल पाहवत नाही. सकाळी गुडघे धरतात, एकदम उठू नका. पण एका पायाची पोटरी सुजून दुखली, किंवा पाळी गेल्यावर पुन्हा अंगावरून गेलं, तर लाजू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. यातलं अक्षरही खोटं नाही. देवापुढं दिवा लावून लिहिते आहे.

तुम्ही मात्र मला कधी काही विचारलं नाहीत. माझ्या ऑपरेशनच्या वर्षीच्या महालक्ष्म्या आठवतात? तुमच्याकडं सोवळ्यात पुरण वाटत होते, घामानं लुगडं पाठीला चिकटलं. सगळ्या बायकांदेखत तुम्ही म्हणालात, “काहून एवढी भिजून राहिली वं? मोडलं न सोवळं! ऊठ तिथून.” मी उठले. सवाष्णींचे पाट मांडले, त्यात माझा नव्हता. “एका अंगाची बाई देवीपुढं बसवत नाहीत,” असं तुम्ही पंचफुला वन्संना सांगितलंत, मला ऐकू येईल इतक्या हळू. कपाळावर कुंकू असून मी मागच्या सपरीत, त्या उघड्या पडवीत, एकटी जेवले. तेव्हापासून दर वर्षी माझी जागा तीच.

आणि आता तुम्ही लिहिता, महालक्ष्म्यांपुरती गोळी बंद ठेवते, म्हणजे सोवळ्यात घाम येणार नाही, कोणाला कळणार नाही. नाही, बाई. चार दिवस गोळी सोडून हा घाम थांबत नाही, आणि डॉक्टरांना न विचारता सोडली तर आजार उलटायची भीती. रोज घ्या. मला तुम्ही धडधाकट हव्या आहात.

कशासाठी, तेच सांगायला हे पत्र. देवीचे मुखवटे यंदा नागपूरला आणायचे, असं यांनी मोठ्या भाऊजींशी पक्कं केलं आहे. घामाच्या बाईनं सोवळ्यात शिवायचं नाही, हा तुमचाच नियम. भाऊजींना लगेच पटला. सोवळ्याचा स्वयंपाक माझी सून जया करील. सवाष्णींत पहिला पाट माझा. माझ्या घरी घाम चालतो, फक्त तुमचा नाही. तुमचा पाट मागच्या सपरीत. मी स्वतः वाढीन, आणि तुमचं कपाळ भिजेपर्यंत समोरून हलणार नाही. देवीला हे आवडायचं नाही, ठाऊक आहे मला. तिची समजूत मी घालीन. तुम्ही नक्की या.

तुमचीच, तुम्हीच घडवलेली,
कौसल्या