घरात आजारी कोणी नाही

लष्कर, १२ जानेवारी १९३८, बुधवार

मसुरीहून घराबद्दलचं उत्तर आलं. भाडं वाचून ह्यांनी पत्राची घडी केली आणि परत पाकिटात घातलं, दुसऱ्याचं पत्र चुकून आपल्याकडे आल्यासारखं. नैनीतालचं गेल्या आठवड्यात असंच. पचमढीला बंगले आहेत, ते साहेबलोकांना.

"शिवपुरी काय वाईट आहे?" हे विचारतात. उन्हाळ्यात संस्थानचा सगळा दरबार तिथं असतो. तिथं लोक चालायला जात नाहीत, दिसायला जातात.

मला बंगला नकोच आहे. दोन खोल्या, एक चूल, आणि दाराबाहेर पडलं की वर जाणारी पायवाट. गेल्या मे महिन्यात ह्यांच्या शाळेतल्या मास्तरांच्या कुटुंबाबरोबर कुमाऊंत, रामगढला राहिलो, तेव्हापासून हे डोक्यात आहे. सकाळी उठून मी एकटी रानातून वर जात असे. कुठं निघालात म्हणून कोणी विचारलं नाही. काही दिवसांनी लक्षात आलं, लिहायला घेतलेली आणि वर्षभर अडलेली माझी कथा पायांबरोबर आपोआप पुढे सरकते आहे. लष्करला परतले आणि पुन्हा अडली. अजून तिथंच आहे.

१५ जानेवारी

वन्संकडे माधवगंजला हळदीकुंकू. आमच्या नलूला बघून गेलेली इंदूरची मंडळी खूश आहेत म्हणाल्या. वन्संनीच आणलेलं स्थळ, त्यामुळे दहा जणींना ऐकू जाईल असं सांगितलं. बरं वाटलं.

मग माझ्याकडे वळल्या. "वहिनी, चालायची एवढी हौस तर किल्ला चढत जा की रोज. डोंगरच आहे तो." बायका हसल्या. मीही हसले.

किल्ला एकदा चढले होते एकटी. मी घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. फूलबागेत तर चार पावलं टाकली की एक ओळखीचं माणूस, आणि प्रत्येकाला थांबून उत्तर द्यायचं. तिथं माझी जीभच जास्त चालते.

२ फेब्रुवारी

मास्तरांनी एक पत्ता आणून दिला. रामगढच्या वरच्या अंगाला एक लहान घर, बागेच्या माळ्यासाठी बांधलेलं, आता रिकामं. मालक जोशी.

हे एकदम खुलले. "जोशी? मग आपलेच." इतके दिवस ह्या कामाला हात लावत नव्हते, आज स्वतः दौत घेऊन बसले. चार पानं, मोडीत. घराबद्दल अर्धं पान. बाकी गोत्र कोणतं, कोकणातलं मूळ गाव कोणतं, डोंगरात केव्हा गेलात.

१४ फेब्रुवारी

जोश्यांचं उत्तर. हिंदीत. "आपका पत्र यहाँ किसी से पढ़ा नहीं गया। पटवारी से भी नहीं। कृपया हिंदी में लिखें।"

नलू हसून हसून खाली बसली. "बाबा, वो पहाड़ी जोशी आहेत! तिकडे पंत पण असतात. तुम्ही पण ना, कमाल करता."

हे म्हणाले, "असतील पहाडी. जोशी तो जोशीच." आणि वर्तमानपत्र उघडून बसले.

मग मीच लिहिलं. माझं हिंदी भाजीवालीशी बोलायचं, त्यामुळे नलूने दुरुस्त केलं. घर कशासाठी पाहिजे ते लिहिताना अडले. 'चालायला' हे कागदावर वेड्यासारखं दिसेल. 'हवा बदलने के लिए' लिहिलं. आपण हवापालट म्हणतो तेच.

१ मार्च

घर आहे! दोन खोल्या, पाथरांचं म्हणजे सपाट दगडांचं छप्पर, खाली झरा, आतल्या खोलीला पूर्वेची खिडकी. मुक्तेश्वरची पायवाट दारावरूनच जाते. वर्षाचं भाडं आपल्याला झेपेल असं. तीनदा वाचलं.

तिसऱ्या वेळी खालची ओळ नीट दिसली. "मरीज़ कौन है? ख़ून आता है क्या?"

ह्यांनी मास्तरांना विचारलं. त्यांनी कपाळाला हात लावला. भवालीचं क्षयाचं इस्पितळ तिथून जवळ. ज्यांना तिथं जागा मिळत नाही ते आसपासच्या गावांतून घरं घेतात. त्या डोंगरात हवा बदलायला येणं ह्याला एकच अर्थ आहे.

लगेच लिहिलं. घरात आजारी कोणी नाही. मला चालायचं आहे.

शेवटी तेच लिहावं लागलं. आधीच लिहिलं असतं तर…

११ मार्च

जोश्यांना पटलेलं नाही. चालण्यासाठी घर कोणी घेत नाही, म्हणतात. धडधाकट माणसं नैनीतालला जातात, तिथं तळं आहे, बँड वाजतो. आणि घरात आजारी कोणी नाही हे तर लपवणारे सगळेच लिहितात. मागचा भाडेकरू तसाच आला होता. तो गेल्यावर दोनदा चुना मारला, तरी गावच्या बायका त्या झऱ्यावर जात नाहीत. डॉक्टरची चिठ्ठी पाठवा.

माणूस उद्धट नाही. त्यांच्या जागी मी हेच लिहिलं असतं. म्हणून तर जास्त चिडचिड होते, रागवायचं कोणावर?

दिवसभर नलूवर ओरडत होते. भात लागला त्यावरून, पदर लोळतो त्यावरून. तिने एकदाच वर पाहिलं. "आई, राग जोश्यांचा आहे ना? मग उन पर निकालो."

१८ मार्च

नई सडकेवर डॉक्टरांकडे. नळी लावून छाती-पाठ तपासली. "वहिनी, आजारी असल्याच्या चिठ्ठ्या रोज लिहितो. ठणठणीत असल्याची ही पहिलीच." मजेत लिहून दिली.

बाहेर बाकावर वन्संच्या शेजारच्या काकू. "छातीचं का हो काही?"

"नाही हो. सहज."

"असू दे, असू दे." अगदी हळुवार म्हणाल्या, आजाऱ्याशी बोलावं तसं.

चिठ्ठी आजच्याच टपालाने जोश्यांना.

२७ मार्च

वन्सं आल्या. चहा पुढे केला तर "आत्ताच घेतला." वन्संनी आमच्याकडे चहाला नाही म्हटल्याचं आठवत नाही. मग ह्यांना आतल्या खोलीत घेऊन गेल्या.

इंदूरहून त्यांना पत्र आलं आहे. सगळं पसंत, वैशाखातला मुहूर्त बघायचा. फक्त एक विचारलं आहे: मुलीच्या आईची प्रकृती कशी असते?

रात्री हे म्हणाले, "आता ते रामगढ सोड. लग्न होऊ दे, मग पाहू."

"डॉक्टरांकडून दुसरी चिठ्ठी आणा. ती इंदूरला पाठवू."

"पाठवली तर म्हणतील, काढायची वेळ का आली?"

खरं आहे. ज्या कागदाने तिथं मी बरी ठरते, त्यानेच इथं आजारी.

मग पाहू. मग पहिली दिवाळी, मग डोहाळजेवण, मग बाळंतपण. मी चव्वेचाळीस वर्षांची आहे. गुडघे आज चढतात.

३० मार्च

नलू म्हणाली, "तू जा ना. मैं कहाँ मना कर रही हूँ?"

नंतर, माझ्याकडे पाठ करून तांदूळ निवडताना: "मुलगा मला आवडलाय गं, आई."

मी ताटातले खडे वेचायला बसले. तिच्यापेक्षा जास्त मला सापडले.

५ एप्रिल

इंदूरच्या बाई आल्या. मुलाची आई. वन्संना भेटायला आले असं सांगितलं. ऊन कलल्यावर आमच्याकडे आल्या आणि बसायच्या आधीच म्हणाल्या, "चला, जरा फिरून येऊ." मला दम लागतो का ते पाहायचं होतं. मला कळलं आणि मला कळलं हे त्यांनाही कळलं.

फूलबागेत गेलो. मी चालले. त्या बागेत इतकी भरभर कधीच चालले नव्हते. विहीण होऊ घातलेली बाई बरोबर, त्यामुळे थांबवायची कोणाची छाती नाही. लोक नुसते नमस्कार करून बाजूला होत होते. दुसऱ्या फेरीला बाईंनीच बाक धरला.

घाम पुसत म्हणाल्या, "खरं सांगा, कशाला हवंय तुम्हाला ते घर?"

"चालायला."

त्या म्हणाल्या, "कुणापासून?"

टोमणा नव्हता. खरंच विचारत होत्या. हे वाईट नाहीत. नलू तर नाहीच. वन्संसुद्धा, आजारपणात त्यांनीच केलं आहे माझं. मग कुणापासून? बाईंनी पुन्हा विचारलं नाही. आपली वहाण काढून बोटं चोळत बसल्या.

घरी आमच्या कपातला चहा घेतला, पूर्ण. वन्सं बघत होत्या. रात्रीच्या गाडीने बाई गेल्या. हो म्हणाल्या नाहीत, नाहीही नाही. "कळवते."

९ एप्रिल

इंदूरचं काही नाही.

जोश्यांचं आलं. चिठ्ठी पोचली. "अब कोई शंका नहीं।" घर आमच्यासाठी ठेवतात, पण पंधरा दिवसांत मनीऑर्डर करा. बरेलीचा एक सफरचंदांचा व्यापारी पेट्या ठेवायला मागतो आहे. तीन महिने अशा पत्राची वाट पाहिली, आणि आलं तर ते पदराखाली धरून उभी राहिले. ह्यांना दाखवलं. म्हणाले, "तुला काय करायचं ते कर." हे असं म्हणतात तेव्हा काहीच करता येत नाही.

संध्याकाळी नलू वेणी घालत होती. आरशातूनच विचारलं, "किती खोल्या आहेत गं तिथं?"

"दोन."

"और इंदौरवालों ने ना कह दिया, तर मी कुठं झोपायचं?"

रागाने नाही. फणी चालूच होती.

मी म्हटलं, असं अभद्र बोलू नये. पण ते तोंडाने. मनात आतल्या खोलीतली ती पूर्वेची खिडकी आली, आणि तिच्याखाली खाट होती, गादी घातलेली, नलूची उशी ठेवलेली. ती खाट मी आत्ता घातली नव्हती. बरेच दिवस तिथंच असावी.