मार्थाबाईंची ओळ

शनिवार, संध्याकाळ

आत्ताच कला केंद्रातून आले. उद्या लोकगीतांचा कार्यक्रम, मग ढोलकी कशी मढवतात यावर गप्पा. तालमीला राहुरीहून शांतवनभाऊ आले होते. गावोगाव ख्रिस्ती भजनं गायचे, मागे झील धरायला, म्हणजे ओळ उचलून परत म्हणायला, त्यांच्या पत्नी मार्थाबाई. बाई नाताळात गेल्या, तेव्हापासून भाऊ गायलेच नव्हते. मीच आग्रह केला. का केला?

"झील कोण धरणार?" मी विचारलं.

"कुनी न्हाई. तिची जागा मोकळी ऱ्हाऊ द्या, ताई."

ते एक ओळ म्हणायचे आणि थांबायचे. नुसती ढोलकी वाजत राहायची. ती मोकळी जागा मला ऐकवेना. शेवटी माझ्याच तोंडून मार्थाबाईंची ओळ निघून गेली. ढोलकी थांबली. वाटलं, आता भाऊ उठून जातील.

ते माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "लई उंच लावलं. ती खाली लावायची. पुन्हा घ्या."

घेतलं. जमलं. म्हणजे उद्या मीच गायचंय.

आता भाकरी थापताना तीच ओळ ओठांवर येतेय, खालच्या सुरात. गप्प बसायचं म्हटलं तरी थांबत नाही. आणि आवाज माझा वाटत नाही.